वादळानंतरची प्रवाळभित्ती

ऑक्टोबर २०२०मध्ये डेल्टा हे चक्रीवादळ मेक्सिकोत पुएर्तो मोरेलोस गावाजवळ किनाऱ्यावर धडकलं. समुद्र जरा निवळताच प्रशिक्षण घेतलेले पाणबुडे प्रवाळभित्ती पाहायला उतरले.

ही पाहणी घाईचीच असते. कोणती वसाहत उलटली, कोणती वाळूखाली गेली, कुठले तुकडे अजून जिवंत आहेत? कारण तुटलेलं प्रवाळ लगेच मरत नाही. सांबराच्या शिंगांसारखी फांदी तळाशी मोकळी पडली, की लाटांबरोबर घरंगळते, तिची जिवंत त्वचा खरवडली जाते. वेळेत ती सिमेंटने खडकाला पक्की बसवली, तर काही महिन्यांत तिची त्वचा त्या सिमेंटवरही पसरू लागते. उलटलेल्या वसाहती सरळ करायच्या, लहान तुकडे रोपवाटिकेत वाढवायचे. सगळं हातांनी, पाण्याखाली, श्वास मोजत.

आणि पैसा? मेक्सिकोतल्या किंताना रो राज्याने २०१९मध्ये या भित्तीचा चक्क विमा उतरवला होता. वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की नुकसानीचे पंचनामे न करता रक्कम मिळते. डेल्टानंतर सुमारे आठ लाख डॉलर मिळाले. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते, कारण प्रवाळभित्ती लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा अडवते. तिच्यामागे माणसं राहतात.

तापलेल्या पाण्यावर मात्र सिमेंटचा इलाज नाही. २०२३च्या उन्हाळ्यात कॅरिबियन समुद्र विक्रमी तापला आणि वर्षानुवर्षं जपून वाढवलेली प्रवाळंही पांढरी पडली.