कुंडीतली मधुमालती


मधुमालतीचा वेल कुंडीतही छान फुलतो.
त्याला दोन गोष्टी हव्यात.
भरपूर ऊन, आणि वेळेवर छाटणी.

कुंडी मोठी घ्या.
तळाला भोक हवंच.
मातीत कुजलेलं शेणखत मिसळा.

कडेनं बांबूच्या काठ्या रोवा.
कोवळ्या फांद्या काठ्यांभोवती आडव्या वळवा.
सुतळीनं सैल बांधा.
आडव्या फांदीला जागोजागी फुटवे येतात.

फुलं धरतात ती या नव्या फुटव्यांवर.
म्हणून बहर ओसरला, की फांद्या छाटा.
वरची माती सुकली, की पाणी द्या.

संध्याकाळी उमललेलं फूल पांढरं असतं.
मग ते गुलाबी होतं, शेवटी लाल.
एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात.

तर मंडळी, लक्षात ठेवा.
भरपूर ऊन, आणि वेळेवर छाटणी.