नावांची वही आणि जाळ्याची जोडणी



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. त्यांच्या पंक्तीला बसण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपात घरची घडी विसकटली आणि आमची शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कामगारांची आरोपपत्रे वाचता वाचता शिकलो. आजचा विषयही तसाच शिकलेला आहे. क्लाउडमधली खाजगी नावे आणि त्यांची जाळ्यांशी जोडणी, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असे पुष्कळांच्या मनात आले असेल. उत्तर सोपे आहे. या जोडणीवर एका पोराची नोकरी टांगली होती.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. संगणक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्याने ओळखतात. गिरणीत कामगाराचा बिल्ला असे, तसा हा आकडा. माणसाला मात्र आकडे लक्षात राहत नाहीत, नाव राहते. म्हणून नाव दिले की आकडा सांगणारी एक वही लागते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अर्पानेट जाळ्यासाठी अशी एकच वही होती. ती कॅलिफोर्नियात, स्टॅन्फर्ड संशोधन संस्थेच्या माहिती केंद्रात एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली ठेवली जाई. नवा संगणक आला की त्यांना कळवायचे, मग त्या यादीत नाव चढवायच्या. जाळे वाढले तशी ही एक वही पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तोड काढली : एकच वही नको, ज्याचा विभाग त्याने त्याची वही ठेवावी, आणि कोणाची वही कोठे आहे ते वरच्याने सांगावे. हीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. आपण फोनवर बँकेचे नाव टाकतो तेव्हा पडद्याआड हीच वही उघडली जाते.

आता दुसरी गोष्ट. सगळेच आकडे जगजाहीर नसतात. १९९६ साली काही आकडे केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम पक्का झाला. १० ने सुरू होणारे सगळे आकडे त्यांतलेच. चार नंबरची खोली प्रत्येक चाळीत असते, पण म्हणून पोस्टमन घोटाळ्यात पडत नाही, कारण चाळ वेगळी. तसेच हे. आणि आकडे जसे घरगुती, तशी नावेही घरगुती असू शकतात. चाळीत एखाद्याला सगळे ‘तात्या’ म्हणतात. चाळीबाहेर त्या नावाने विचारले तर कोणी दार दाखवणार नाही.

क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे. ती प्रचंड इमारतींतली भाड्याची यंत्रे. मायक्रोसॉफ्टने आपल्या ॲझूर सेवेची अशी केंद्रे २०१५ मध्ये पुणे आणि मुंबई येथे सुरू केली. म्हणजे हा ढग आपल्याच उंबऱ्याशी आहे. तेथे जागा घेणारी कंपनी आपल्यापुरते एक कुंपण घालते. त्याला व्हर्च्युअल नेटवर्क, आभासी जाळे, म्हणतात. कुंपणाच्या आतल्या नावांची जी वही, ती प्रायव्हेट डीएनएस झोन.

आणि येथेच सगळी गोम आहे. वही तयार केली म्हणजे ती सर्वांना वाचता येते, असे मुळीच नाही. प्रत्येक जाळ्याला ती वही वेगळी जोडून द्यावी लागते. या जोडणीला लिंक म्हणतात. लिंक नसेल तर वहीत नाव स्वच्छ अक्षरात लिहिलेले असूनही त्या जाळ्यातल्या यंत्राच्या दृष्टीने ती वही नाहीच.

या जोडणीचे चार नियम आम्ही पाठ केले, ते सांगतो. पहिला : एक वही अनेक जाळ्यांना जोडता येते आणि एका जाळ्याला अनेक वह्या जोडता येतात. दुसरा : नवे यंत्र उभे राहताच त्याचे नाव आपोआप वहीत चढावे अशीही सोय आहे, पण ती एका जाळ्यासाठी एकाच वहीपुरती. खाते दहा हजेरीपट वाचू शकेल, परंतु कामगाराची हजेरी लागणार एकाच पटावर. तिसरा : दोन जाळ्यांमध्ये रस्ता बांधला, ज्याला ते लोक पिअरिंग म्हणतात, तरी वहीची जोडणी त्याबरोबर येत नाही. रस्ता वेगळा, वही वेगळी. चौथा : जोडणी करणाऱ्याला वहीवरही अधिकार लागतो आणि जाळ्यावरही. एका बाजूचा अधिकार असून भागत नाही.

आता त्या पोराची हकीकत. तो एका कंपनीत कंत्राटी, रात्रपाळीचा. कंपनीने पगाराची सगळी माहिती क्लाउडवरच्या एका कोठारात ठेवली होती. त्या कोठाराचे बाहेरचे दार बंद करून केवळ आतले, खाजगी दार ठेवले. वही केली, जुन्या जाळ्याला जोडली, काम सुरळीत चालले. पुढे पगाराचा कार्यक्रम नव्या जाळ्यात हलवला. दोन्ही जाळ्यांमध्ये रस्ता बांधला. नव्या जाळ्याला वही जोडायची मात्र राहून गेली.

त्या रात्री पोराच्या हातात तपासणीचा कागद दिला. त्यात लिहिले होते : कोठाराचा आकडा घालून दार ठोठावून पाहा. त्याने ठोठावले, दार उघडले, कारण रस्ता होता. त्याने ‘ठीक’ अशी नोंद केली. पहाटे पगाराचा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याने आकड्याने नव्हे, नावाने विचारले. वही जोडलेली नव्हती, तेव्हा त्या नावाला उत्तर मिळाले ते बाहेरच्या आकड्याचे. ते दार तर बंद! नाव तेच, जुन्या जाळ्यातून विचारले तर आतले उत्तर, नव्यातून विचारले तर बाहेरचे. पगार दोन दिवस लांबला. शेकडो घरांत किराण्याची उधारी वाढली, आणि पोरावर आरोपपत्र आले : निष्काळजीपणा व खोटी नोंद.

आम्ही प्रथम चुकलो, हे कबूल केले पाहिजे. यंत्राचा दोष आहे, असे म्हणायचे आम्ही ठरवले होते. पोराने आम्हांला थांबवले. तो म्हणाला, “साहेब, यंत्र बरोबर वागलं. तसं म्हणालात तर पहिल्याच प्रश्नाला आपण पडू.” मग तीन आठवडे रात्री त्याने शिकवले आणि आम्ही शिकलो.

चौकशीत आम्ही दोनच प्रश्न विचारले. वहीवर अधिकार कोणाचा होता? पोराचा नव्हता, चौथ्या नियमाप्रमाणे त्याला जोडणी करणे शक्यच नव्हते. तपासणीच्या कागदात नावाने विचारून पाहा, असे कोठे आहे? कोठेच नव्हते. यांपैकी पहिल्या प्रश्नाला पुरावा लागत होता. ॲझूरमध्ये कोणी केव्हा काय केले याची नोंद आपोआप राहते, पण मुद्दाम जपून ठेवली नाही तर ती ९० दिवसांनी जाते. आम्ही लेखी मागणी दिली तेव्हा ८१ दिवस झाले होते. आणखी दहा दिवस गाफील राहिलो असतो, तर खरे असूनही ते सिद्ध करता आले नसते.

आरोप मागे घेतला गेला आणि निलंबनाच्या काळाचा पगार मिळाला. जोडणी ज्याच्याकडून राहिली त्या इंजिनिअरवर कारवाई करा, असे आम्ही म्हटले नाही. तोही माणूसच, आणि त्याच्यावरही कामाचा डोंगर होता. आमची मागणी एवढीच होती की, तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवा : ज्या जाळ्यातून काम चालणार, त्याच जाळ्यातून, नावाने विचारून पाहा आणि उत्तर आतले आले का बघा. ती ओळ आज त्या कागदावर आहे.

मित्रहो, यंत्रे बदलली, माग गेले आणि क्लाउड आला, पण जुना प्रश्न तसाच राहिला : अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे. गिरणीत धागा तुटला की साचेवाल्याचा दंड कापत. कापूस कोणी कसला विकत घेतला हे कोणी विचारत नसे. तो प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीने विचारायला शिकवला. आज तो विचारायचा तर नव्या यंत्राची रीत समजून घ्यावी लागेल. ती समजणे फक्त शिकलेल्यांचे काम आहे, असे मानू नका. सातवी सुटलेल्या माणसाला जे कळले, ते आपणां सर्वांना अधिक चांगले कळेल.