ठिणगीची साक्ष, गणिताचा ताळा

चिंचोटीहून भिवंडीकडे निघालात की वाटेत कामण लागते. पाठीशी तुंगारेश्वराचे डोंगर, जवळून जाणारी वसई-दिवा रेल्वे आणि रस्त्याच्या कडेला कारखान्यांचे गाळे. अशा गाळ्यात वेल्डिंग चाललेले आपण पाहिले असेल. खरे तर ते नुसत्या डोळ्यांनी पाहूच नये, डोळे पोळतात. कारागीर तोंडापुढे काळी काच धरतो, ती उगाच नव्हे.

त्या लखलखाटात असते तरी काय? लोखंड वितळते, त्याची वाफ होते आणि ती इतकी तापते की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. तिची उष्णता सूर्याच्या पृष्ठभागाइतकी, कधी त्याहूनही जास्त. तेथे तापमापक नेला तर त्याचीच वाफ व्हायची! मग मोजायचे कसे? तर प्रकाशावरून.

मिठाचे पाणी उतू जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर पडले की ज्योत पिवळी होते. ती मिठातल्या सोडियमची खूण. हा प्रकाश लोलकासारख्या साधनातून फाकवला तर ठराविक जागी पिवळ्या रेघा दिसतात. प्रत्येक धातूच्या रेघा वेगळ्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीने चंद्राच्या मातीवर लेसर मारला, क्षणभर प्लाझ्मा उठला आणि त्याच्या रेघांनी गंधक, ॲल्युमिनियम, लोखंड अशी नावे सांगितली.

नाव कळले, पण उष्णता किती? त्याची किल्ली डॉ. मेघनाद साहा यांनी १९२० साली दिली. डाक्क्याजवळच्या खेड्यातल्या एका लहान दुकानदाराचा हा मुलगा. अमुक उष्णतेला आणि अमुक दाटीला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील, हे त्यांच्या समीकरणाने काढता येते.

आता खरी अडचण ऐका. निर्मळच्या जत्रेत गर्दी वाढली की एकाचाही आवाज धड ऐकू येत नाही. दाट प्लाझ्मात तसेच होते. शेजारचे विद्युत्-कण अणूला सारखे ढोसतात, त्यामुळे बारीक रेघ पसरून जाड होते. ही जाडी दाटी मोजायला उपयोगी पडते. पण आतला प्रकाश बाहेरच्या थंड थराने गिळला तर रेघेच्या मध्यावरच काळी चीर पडते. धातू भरपूर, आणि रेघ मात्र फिकी! नुसत्या डोळ्यावर विसंबणारा येथे हटकून फसतो. दाटी फार झाली की साहांच्या समीकरणालाही दुरुस्ती लागते.

म्हणून शास्त्रज्ञ कागदावर त्या प्लाझ्माचे थर कल्पितात. प्रत्येक थराची उष्णता आणि दाटी धरून, बाहेर कोणता प्रकाश येईल त्याचा हिशेब मांडतात. मोजलेल्या रेघांशी तो जुळला तर ठीक, नाही तर अंदाज बदलून पुन्हा हिशेब. शिक्षकबंधूभगिनींनो, आपण मुलांना गणिताचा ताळा पाहायला सांगतो, तोच हा रिवाज. मोजमापाला हिशेबाचा ताळा, हिशेबाला मोजमापाचा.

शाळेत एक जुनी सीडी घ्या. ट्यूबलाइटचा उजेड तिच्यावर तिरपा घेऊन मुलांना रंगांचे पट्टे दाखवा. मग साध्या पिवळ्या बल्बचा घ्या आणि फरक विचारा. सूर्य किंवा वेल्डिंग मात्र कधीही नको. मुलांनी काय पाहिले ते आधी लिहून घ्या. का, ते मागाहून सांगा.