कल ओळखताना



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते गणिताची वही तपासताना उत्तराआधी खाडाखोड पाहत. मूल अडल्यावर काय करते, यात त्यांना त्याची कल दिसे. त्या सवयीच्या आधाराने आज मी एका प्रश्नाविषयी बोलणार आहे : बारावीनंतर यंत्रांची अभियांत्रिकी घ्यावी की संगणकशास्त्र?

२०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला. हा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे, आणि संत्र्याच्या उत्पन्नावर मुलांना शिकविणाऱ्या घरांत तो हलका नाही.

उदाहरण बागेतलेच घेऊ. ऐन उन्हाळ्यात, आंबिया बहाराची फळे झाडावर असताना, विहिरीवरचा पंप पाणी ओढीत नाही. एक मुलगा पाना घेऊन खाली बसतो. वस्तूचा हट्ट त्याला ठाऊक असतो : लोखंड गंजते, सांधा हवा घेतो, आणि पाणी वर येईपर्यंत कोणतेही उत्तर खरे नसते. दुसऱ्याला वेगळाच प्रश्न छळतो. पाच बागा, चार बाजार, प्रत्येकाचा भाव व भाडे निराळे. कोठून कोठे किती माल धाडावा? तो कागद घेतो आणि प्रत्येक पायरी इतकी स्वच्छ मांडू पाहतो की, ज्याला काहीच कळत नाही त्यानेही ती बिनचूक पाळावी. पहिली वृत्ती अभियंत्याची, दुसरी संगणकशास्त्रज्ञाची.

या दुसऱ्या प्रश्नाला गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. १९४७ पासून रूढ असलेली डँट्झिग यांची रीत शक्यतांच्या आकृतीच्या कडेकडेने, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाई. ग्वाल्हेरला जन्मलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये आकृतीच्या आतून जाणारी वाट दाखविली. मुंबईच्या आय. आय. टी.तील त्यांची पदवी मात्र विद्युत अभियांत्रिकीची! नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून अभियंता झालेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. अनेक प्रक्रियक एकाच कामाला जुंपून. दोघेही अभियांत्रिकीच्याच दारातून आत गेले. एकाने रीत शोधली, दुसऱ्याने यंत्र घडविले. शाखेचे नाव कल ठरवीत नाही.

हे मी उशिरा शिकलो. गावातल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका विद्यार्थ्याला, केवळ गणितातील गुण पाहून, मी संगणकाकडे वळविले. तो उत्तीर्ण झाला. पण चार वर्षांत त्याच्या पत्रांतला उत्साह आटत गेला. त्याने मला कधी दोष दिला नाही. तो माझाच होता.

म्हणून पालकांना विनंती आहे. निर्णयापूर्वी एक सुट्टी द्या. काही दिवस मुलाला मिस्त्रीच्या हाताखाली बसू द्या, काही दिवस बागेच्या हिशेबाचा छोटा प्रोग्रॅम लिहू द्या. कोठे तो लवकर यशस्वी होतो ते पाहू नका. कोठे चुकल्यावरही जेवण विसरून पुन्हा बसतो, ते पाहा. शिवाय बहुतेक महाविद्यालयांत संगणकशास्त्र ही अभियांत्रिकीचीच शाखा असते; तेव्हा नावावर न जाता चारही वर्षांचा अभ्यासक्रम वाचा.

गुरुजी खाडाखोड वाचीत. आपणही आपल्या मुलांची खाडाखोड वाचू या.