स्कीच्या पोटातला पत्रा

भिलाईत बसून हा माणूस स्की बनवतो, म्हणून आमच्या कॉलनीत लोक हसतात. हसू द्या. फौजेत बर्फावर चाललो, आता निवृत्तीत गॅरेजमध्ये लाकूड तासतो. इथल्या पोरांचा सल्ला ठरलेला: "साहेब, पोलादाच्या गावात राहता, पोलादाचाच पत्रा घाला की!"

आपल्या कारखान्याची ओळख रूळ आणि जाड प्लेटांची. स्कीला लागतो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा. तो बाजारात साध्या पोलादाचा मिळेल, पण चालणार नाही. वजन ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट, हे एक. खरी अडचण पुढे आहे.

समजा खड्ड्यात स्की वाकली आणि 3 मीटर त्रिज्येची कमान झाली. पत्रा स्कीच्या मध्यापासून 5 मिलिमीटरवर असेल, तर तो दर हजार मिलिमीटरला साधारण 1.7 मिलिमीटर ताणला जातो. साधं पोलाद सव्वा मिलिमीटरपर्यंतच परत येतं. पुढे वाकलं की वाकलेलंच राहतं. भांड्यांचा मऊ ॲल्युमिनियम त्याहून आधीच हार मानतो. विमानांसाठी वापरला जाणारा, जस्त मिसळलेला 7075 जातीचा कडक पत्रा मात्र सुमारे 7 मिलिमीटर सोसतो. मोठे कारखाने टायटॅनल वापरतात. नावावर जाऊ नका, तोही मुळात ॲल्युमिनियमच. अमेरिकेत हॉवर्ड हेड यांनी 1950 मध्ये कंपनी काढून धातूच्या स्की विकायला सुरुवात केली. ते विमान कारखान्यातले इंजिनिअर होते, हे उगाच नव्हे.

पण पत्रा चांगला मिळाला म्हणजे काम झालं, असं नाही. स्की मोडते त्याहून जास्त वेळा ती सुटते. उतारावर वेगात असताना थर सुटला तर पाय जातो, म्हणून चिकटवण्याकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो.

भिलाईकरांना उष्णतेनं रूळ वाढतो हे सांगायला नको. तेच इथे. मे महिन्यात 40 अंशांत एपॉक्सी लावून जोडलेली 170 सेंटिमीटरची स्की गुलमर्गला उणे 10 अंशांत नेली, तर पत्रा जवळजवळ 2 मिलिमीटर आखडतो, लाकूड अर्धा मिलिमीटरही नाही. हा सगळा ओढा डिंकावर येतो. एकाच बाजूला पत्रा असेल तर स्की धनुष्यासारखी वाकते. म्हणून पत्रा खाली-वर सारखाच घाला, आणि जोडणी डिसेंबर-जानेवारीत करा. कारखान्यात पत्र्यालगत रबराचा पातळ थर घालतात, तो हा ओढा बराच सोसतो. जमलं तर घाला.

ॲल्युमिनियमवर हवेनं क्षणात ऑक्साइडचा थर येतो आणि डिंक धातूला न चिकटता त्याला चिकटतो. पत्रा ॲसिटोननं पुसा, काचकागदानं घासा, मग पाणी टाकून बघा. थेंब गोळा झाले तर तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. पाणी सलग पसरलं की पत्रा पूर्ण कोरडा करा, एपॉक्सी लावा आणि ओल्या एपॉक्सीतच पुन्हा घासा, म्हणजे हवा लागायच्या आत डिंक धातूला भेटतो. बोटं लावायची नाहीत. हातमोजे.

स्की करण्याआधी त्याच लाकडाची आणि पत्र्याची वीतभर पट्टी जोडा. एपॉक्सी पूर्ण सुकली की रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी छिन्नीनं उचकटा. पत्र्याला लाकडाचे तंतू चिकटून आले, तर स्की जोडायला घ्या. पत्रा चकचकीत सुटून आला, तर परत ॲसिटोनपासून.