लिहिणाऱ्याचा सलाम

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस समारंभाच्या दिवशी पाहुण्याने उपदेश करावा, अशी आपल्याकडे पद्धत आहे. मी तीस वर्षे शिक्षकी केली. तेव्हा उपदेशाचा साठा माझ्याजवळ भरपूर आहे. पण आज तो बाजूला ठेवतो आणि एका माणसाच्या शोधाची हकीकत आपणास सांगतो. हा माणूस माझ्या नात्यातला नव्हता. मी त्याला कधी पाहिले नाही. तरीही तो नसता, तर आज मी आपल्यापुढे उभा नसतो.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. तीत माझ्या आजोबांची चौदा पत्रे होती. पहिले १९४१ चे, शेवटचे १९४३ चे. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ. आजोबा आगबोटीवर खलाशी होते. दाभोळ, जयगड, बाणकोट या खाड्यांच्या काठी राहणाऱ्यांना त्यात नवल वाटणार नाही. सारंग, टंडेल, खलाशी, भंडारी हे शब्द आपल्या गावांत शेतीच्या शब्दांइतकेच घरचे आहेत.

त्या पत्रांतले अक्षर पाहावे आणि पाहतच राहावे असे होते. बालबोध लिपी, एकसारखी वळणे, ओळ कोठे वर गेली नाही की खाली आली नाही, एकही शब्द खोडलेला नाही. आम्हा भावंडांपैकी कोणाचे अक्षर बिघडले की वडील ती पेटी उघडीत आणि म्हणत, "बघा, बोटीवर डेक धुणाऱ्या माणसाचे अक्षर बघा, आणि शाळेत जाणाऱ्या तुमचे बघा." पुढे मी शिक्षक झाल्यावर हेच वाक्य वर्गात वापरले. किती मुलांना मी आजोबांच्या अक्षरावरून बोललो असेन, याची गणती नाही.

२०११ साली घराची दुरुस्ती काढली, तेव्हा माळ्यावर एका कापडी पिशवीत आजोबांची नली सापडली. विद्यार्थ्यांसाठी सांगतो, नली म्हणजे खलाशाच्या नोकरीची सरकारी पुस्तिका. तो कोणत्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, वर्तणूक कशी होती, हे सारे तीत लिहिलेले असते. आत आजोबांचा फोटो होता. फोटोखाली सहीची जागा होती. त्या जागी सही नव्हती; डाव्या अंगठ्याचा ठसा होता.

मी ती नली बराच वेळ हातात धरून बसलो. ज्या माणसाला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्याने ही चौदा पत्रे लिहिली कशी? वडील तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. त्यांना सांगावे की सांगू नये, याचा विचार करण्यात आठ दिवस गेले. शेवटी सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पेटी बंद केली आणि ते नमाजाला निघून गेले. माझा शोध सुरू झाला तो त्या दिवशी.

पत्रे पुन्हा काढून नीट पाहिली, तेव्हा तीन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, पोस्टाचे शिक्के सगळे मुंबईचे होते. म्हणजे बोट मुंबईस लागली की पत्र निघे. मधे सात-आठ महिने काही नाही. दुसरी, चौदाही पत्रांत हात एकाच माणसाचा होता. तिसरी गोष्ट आम्ही लहानपणापासून पाहत होतो, पण आमच्या लक्षात आली नव्हती. प्रत्येक पत्राच्या तळाशी बारीक, गुंतागुंतीची एक ओळ होती. आम्ही ती नक्षी समजत होतो. ती नक्षी नव्हती, मोडी होती.

मोडी आपल्या मुलांनी पाहिलेली नसेल. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, अशी ती लिपी. एके काळी आपल्याकडचे दफ्तर आणि पत्रव्यवहार तिच्यात चाले आणि मराठी शाळेत ती शिकवीत. आता ती वाचणारे थोडे उरले आहेत. मोडी जाणणाऱ्या एका सद्गृहस्थांकडे मी पत्रे पाठवली.

दरम्यान मी आमच्या पंचक्रोशीत विचारणा केली. जुम्म्याच्या नमाजानंतर सांगितले, शाळेतल्या मुलांनाही सांगितले की घरी जुनी पत्रे असतील तर दाखवा. पुष्कळ आली. त्यांतल्या तीन घरांच्या पत्रांत तेच अक्षर होते! तीन वेगळी गावे, तीन वेगळी घराणी, आणि प्रत्येक घर अभिमानाने सांगत होते की हे आमच्या आजोबांचे अक्षर. एका घराने तर पत्राला चौकट करून ते भिंतीवर लावले होते. चारही घरांच्या नल्या ताडून पाहिल्या, तेव्हा बोटींची नावे आणि तारखा जुळल्या. त्या काळी सारंग आपल्याच भागातली माणसे भरती करी. हे चौघे एकाच सारंगाच्या हाताखाली होते. तेव्हा लिहिणारा माणूसही त्याच टोळीतला असला पाहिजे.

मग मोडीचे वाचन आले. बहुतेक पत्रांखाली एवढेच होते: "दस्तूर," म्हणजे लिहिणाऱ्याचा हात, त्यापुढे त्याचे नाव, खाडीपलीकडच्या एका गावाचे नाव, आणि "लिहिणाऱ्याचा सलाम." पण मे १९४२ च्या पत्राखाली तीन ओळी होत्या. त्या घरच्यांसाठी नव्हत्याच. आमच्या गावात पत्र वाचून दाखवीत ते मराठी शाळेचे गुरुजी. त्या ओळी त्यांच्यासाठी होत्या. मजकूर असा होता: गुरुजींस सलाम. या माणसाचा मुलगा सात वर्षांचा झाला, अजून शाळेत नाही. बाप सांगण्यास संकोचतो. आपण घरी जाऊन मुलास शाळेत घालावे, पाटीचे पैसे मी पाठवीन.

मी शाळेत गेलो आणि जुने जनरल रजिस्टर काढून घेतले. माझ्या वडिलांचे नाव दाखल झाल्याची तारीख होती ८ जून १९४२.

घरी येऊन मी वडिलांना त्या तीन ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी त्या तीन वेळा वाचून घेतल्या. मग म्हणाले, "म्हणजे मला शाळेत घातले ते ह्याने." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मी तुम्हांला उगाच बापाचे नाव सांगत आलो."

बंधुभगिनींनो, असा माणूस हा काही एकटाच नव्हता. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीपासून, हिंदी शिपाई फ्रान्सच्या आघाडीवर होते. १९१५ च्या मार्चमध्ये आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे त्यांच्याकडून निघत. त्यांतल्या पुष्कळांना लिहिता येत नसे. पलटणीतला जाणता माणूस किंवा इस्पितळातला मुनशी लिहून देई. सरकारने ती पत्रे तपासण्यासाठी खास कचेरी नेमली होती. शिपायांना हे ठाऊक होते, म्हणून ते आडून लिहीत. हिंदी फौजेला काळी मिरी म्हणत आणि गोऱ्या फौजेला लाल मिरची. तपासनिसांनी निवडक उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करून ठेवले. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ कागद मात्र बहुतेक आपापल्या गावी गेले आणि वाळवीने, पावसाने संपले. म्हणजे लंडनला मजकूर राहिला. अक्षर राहिले असेल तर ते तुमच्या-आमच्या पेट्यांतच.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या खलाशांवर काय गुदरले, हेही मुलांना ठाऊक असावे. 'गैरसप्पा' नावाची आगबोट, आपल्या जोगच्या धबधब्याचे नाव मिरवणारी, फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडजवळ पाणबुडीने बुडवली. तिच्यावरचे बहुतेक खलाशी हिंदी होते. सगळ्या बोटीवरचा एकच गोरा अधिकारी वाचला. २०११ साली ती बोट समुद्राच्या तळाशी सापडली आणि तिच्या टपालातली सातशेच्या वर पत्रे वर आली. सत्तर वर्षे पाण्यात राहूनही ती वाचता येत होती. २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयात ती मांडली गेली. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून आफ्रिकेस निघालेली 'तिलावा' तिसऱ्या दिवशी बुडाली. २८० माणसे गेली. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांचे वसतिगृह आहे. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या युद्धातल्या खलाशांची नावे एका नोंदवहीत आहेत, ती सहा हजारांहून अधिक भरतात. आमचा पत्रलेखक १९४३ साली गेला. त्या नावांत त्याचे नाव आहे. कबर नाही.

त्याच्या गावी आम्ही चार घरची माणसे मिळून गेलो. त्याची धाकटी बहीण हयात होती, नव्वदीला आलेली. ती म्हणाली, भाऊ मराठी सातवी पास झाला होता. पुढे इंग्रजी शाळेत जायचे होते, पण बाप वारला आणि तो सोळाव्या वर्षी बोटीवर गेला. मुंबईस आला की जमातीच्या खोलीत दिवा घेऊन बसे आणि दहा जणांची पत्रे लिही. पैसे घेत नसे. आम्ही विचारले, तुमच्याकडे त्याचे काही लिहिलेले आहे का? ती म्हणाली, नाही. घरच्या पत्रांना वाळवी लागली. एक चिठ्ठीदेखील उरली नाही.

आम्ही चारही घरांच्या पत्रांच्या झेरॉक्स प्रती तिच्यासमोर ठेवल्या. तिला वाचता येत नव्हते. ती ओळींवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "शेवटचं वाचा." मी वाचले, लिहिणाऱ्याचा सलाम. ती म्हणाली, "वालैकुम सलाम."

त्या माणसाचे नाव मी येथे सांगत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे.

आता माझ्या मनात राहिलेली एक खंत सांगतो. त्या चौदा पत्रांत काय आहे? मनिऑर्डर किती पाठवली, पावसाआधी कौले शाकारा, म्हैस विकू नका, आईच्या खोकल्याला औषध आणा. सारे आजोबांच्याच तोंडचे आहे आणि त्यात मोठी कळकळ आहे. पण आजीसाठी, फक्त तिच्यासाठी, एकही वाक्य नाही. पत्र तिच्या नावानेही नाही. मुलाचे नाव घालून "याच्या आईस" असे आहे. कसे असणार? सांगायचे ते दहा माणसांच्या खोलीत दुसऱ्याला सांगायचे, आणि इकडे गुरुजी ओटीवर बसून मोठ्याने वाचणार. नवरा-बायकोच्या मधे लिहिणारा होता, वाचणारा होता. दोघेही भले, पण दोघेही परके. युद्धाचे दिवस, माणूस परत येईल की नाही याचा भरवसा नाही, आणि मनातले बोलायला जागा नाही. आजी ती पत्रे उशाशी ठेवी, असे वडील सांगत. तिला त्यांतले एक अक्षरही लागत नव्हते.

म्हणून पालकहो, जेव्हा कोणी विचारतो की मुलीला एवढे शिकवून काय करायचे, तेव्हा मला ती उशाखालची पत्रे आठवतात. शिक्षणाने नोकरी मिळते, हे खरेच. पण त्याहून आधी शिक्षणाने माणसाला आपले बोलणे आपल्या ताब्यात मिळते. आपला आनंद आणि आपले दुःख तिसऱ्याच्या हातून पाठवावे लागत नाही. आज मोबाइलवर आवाज पाठवता येतो, हे मला ठाऊक आहे. तरी कर्जाचा कागद, शाळेचा अर्ज, इस्पितळाची चिठ्ठी वाचता न येणारा माणूस आजही कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत उभा असतो.

कुरआन शरीफमध्ये देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याविषयी आज्ञा आहे. तेथेच असेही सांगितले आहे की ज्याला लिहिता येते, त्याने लिहून देण्यास नकार देऊ नये, कारण ती विद्या त्याला अल्लाहने दिली आहे. त्या खलाशाने हे पुस्तकात वाचले होते की नाही, कोण जाणे. पण वागला तो तसाच.

विद्यार्थी मित्रांनो, आज बक्षीस घेऊन घरी जाल, तेव्हा एक काम करा. घरातल्या जुन्या पेट्या उघडायला सांगा. पत्रे, नल्या, पोस्टाची पुस्तके असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा, मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. आणि घरातल्या वृद्ध माणसांना आजच विचारा, हे कोणी लिहिले? ती बहीण आम्हांला भेटली आणि त्यानंतर दीड वर्षाने ती गेली. आम्ही दोन वर्षे उशीर केला असता, तर ते अक्षर कोणाचे हे कायमचे राहून गेले असते.

आणि तुमच्यापैकी ज्यांना लिहिता-वाचता येते, त्यांनी शेजारच्या कोणासाठी तरी एक अर्ज लिहून द्या, एक कागद वाचून दाखवा. त्याच्या घरात शाळेबाहेर राहिलेले मूल असेल, तर खाली एक ओळ आपल्या मनची घाला.

मी वर्गात आजही अक्षराविषयी बोलतो. फक्त आता आजोबांचे नाव घेत नाही. त्या सातवी पास खलाशाच्या वतीने, आपणा सर्वांस लिहिणाऱ्याचा सलाम.

खुदा हाफिज.