शनिवारची रात्र कुणासाठी?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय, 'मौजमजा आणि अभ्यास यांचा मेळ'. या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात माझे दोन विषय राहिले होते. त्यामुळे उपदेश करणार नाही. काय झालं ते सांगते.

मी बार्शीची. अब्बांचं टेलरिंगचं दुकान. घरात दखनी, शाळेत मराठी. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायला पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात आले. आमच्या खानदानात शिकायला परगावी राहिलेली मी पहिली मुलगी. निघताना शेजारच्या खाला अब्बांना म्हणाल्या, "भाईजान, पुण्याची हवा लवकर लागते."

वसतिगृहात जागा मिळाली नाही. खोली शोधताना तीन घरांनी माझं नाव ऐकून "आत्ताच भरली" असं सांगितलं. चौथ्या ठिकाणी वर्गातल्या दोन मुली माझ्यासोबत आल्या आणि घरमालकांना म्हणाल्या, "आम्ही तिघी एकत्रच राहणार, नाहीतर तिघीही नाही." असं औंधला घर मिळालं. हे मुद्दाम सांगतेय, कारण ज्यांच्यासोबत मी पार्ट्यांना जात होते त्या याच मुली. 'वाईट संगत' वगैरे शब्द मी त्यांच्यासाठी वापरू शकत नाही.

पहिलं सत्र कसं गेलं कळलंच नाही. फ्रेशर्स पार्टी झाली. मग गणपतीत रात्र-रात्र देखावे पाहणं. दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस, तोही रात्री 12 वाजताच साजरा व्हायचा. कोरेगाव पार्कला जाणं. मी दारू पीत नाही. आपल्या राज्यात कायद्याने दारूसाठी वयाची 25 वर्षं लागतात, बिअरसाठी 21. आमच्या टेबलावर 25 चं कुणीच नव्हतं. पण न पिणाऱ्या माणसाचं काम काय असतं माहितीये? शेवटपर्यंत थांबायचं आणि सगळ्यांना रिक्षात घालून घरी आणायचं. म्हणजे सगळ्यात कमी झोप माझीच!

डिसेंबरात परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा मी दोन दिवस घरी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला सांगितलं. ती तेव्हा बारावीत होती. ती रडली नाही, रागावलीही नाही. फक्त म्हणाली, "आपा, आता मला कोण पाठवणार?"

त्या रात्री वही घेऊन बसले. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, हिशोब तरी करावा. मला वाटायचं, एक पार्टी म्हणजे चार तास. प्रत्यक्षात शनिवारी संध्याकाळी 6 ला आवराआवर सुरू. परतायला पहाटेचे 3. उठायला दुपारचे 12. डोकं ठिकाणावर यायला 4. झाले 22 तास. रोजची 7 तासांची झोप वजा केली तरी 15 उरतात. आठवड्याला 15 तास! शिवाय जे वाचलेलं असतं ते झोपेत पक्कं होतं. झोपच मोडली की शुक्रवारचा अभ्यासही हातचा जातो.

पण हिशोबापेक्षा मोठी गोष्ट त्याच वहीत सापडली. प्रत्येक पार्टीपुढे लिहिलं, 'का गेले?' मला खरोखर जावंसं वाटलं म्हणून गेले, अशा रात्री तीन निघाल्या. बाकी सगळ्या रात्री 'ही मुस्लिम मुलगी, हिला घरून परवानगी नसणार' असं कुणी म्हणू नये म्हणून गेले होते. आणि ज्या थोड्या वेळा नकार दिला, तोही गावात कुणाला कळेल या धास्तीने. म्हणजे जाणंही लोकांसाठी, न जाणंही लोकांसाठी. आणि पेपर लिहायला मात्र मी एकटी.

नकारही खोटा द्यायचे. "घरून फोन येणार आहे", "आज रोजा आहे". एकदा मैत्रीण म्हणाली, "तुमचे रोजे वर्षभर असतात का गं?" निकालानंतर पहिल्यांदाच खरं बोलले, "मला पुन्हा नापास व्हायची भीती वाटतेय." ती गप्प झाली. मग म्हणाली, "माझाही एक राहिलाय. मी घरी सांगितलेलंच नाही." इतके महिने एका घरात राहून आम्ही एकमेकींना हे सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या सत्रापासून आम्ही तिघी संध्याकाळी जयकर ग्रंथालयात बसायला लागलो. पार्ट्या सोडल्या नाहीत. महिन्यातून एक, आपल्या पसंतीची. रात्री 11 ला निघायचं, आणि हे आधीच सांगून ठेवायचं. रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवायचे. परीक्षेआधी तीन आठवडे काही नाही. वाढदिवस असला तर सकाळी पोहे आणि केक! हे जमायला लागलं, कारण नियम आमचे होते, कुणाच्या भीतीचे नव्हते. राहिलेले दोन्ही विषय सुटले.

आता इथल्या मुलांना एक विचारते. रमजानमध्ये कोंढव्यात, कॅम्पात सहरीपर्यंत फिरणं, एरवी कट्ट्यावर 2 वाजेपर्यंत बसणं, याला घरी कुणी पार्टी म्हणतं का? तुम्हाला कुणी 'हवा लागली' म्हणत नाही. पण तास तुमचेही तेवढेच जातात आणि पेपर तुमचाही तोच असतो. मुलीचा एक विषय राहिला तर तिच्या मागच्या बहिणीचा रस्ता बंद होतो. मुलाचे चार राहिले तरी 'पुढच्या वेळी निघतील' म्हणतात. हे तुमच्या घरात चालत असेल तर बहिणीच्या बाजूने बोला. तुमचं ऐकतात.

आणि मुलींनो, घरी थोडं तरी खरं सांगा. मी अब्बांना निकाल सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मशीन थांबल्याचं फोनवर ऐकू आलं. मग म्हणाले, "कापड चुकीचं कापलं गेलं तर मी दुकान बंद करतो का?" खालांना त्यांनी काय सांगितलं, मला माहीत नाही. बहीण मात्र गेल्या वर्षी पुण्याला आली. परवा तिचा फोन आला, "आपा, आज फ्रेशर्स आहे, जाऊ का?"

मी विचारलं, "तुला जायचंय का?"

ती म्हणाली, "हो."

"मग जा. 11 ला निघ. आणि सोमवारचं लेक्चर चुकवू नकोस."

आता तुम्ही बोला. प्रश्न विचारा, मला अडचणीत आणणारे असले तरी चालतील.